प्रेषितांची भाकर

धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये दर ईस्टरला एक भाकर वाटली जायची. तिला प्रेषितांची भाकर म्हणत. येशूच्या पहिल्या शिष्यांनी, म्हणजे प्रेषितांनी, ही चाल सुरू केली आणि मध्ये कुठंही खंड न पडता ती आमच्यापर्यंत पोचली, असं चर्चचे पंच सांगत. लहानपणी हे ऐकून मला फार भारी वाटायचं. पुढं जळगावच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायला लागलो आणि तेच वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. मला रागवायला तसं निमित्त फारसं लागत नाही, पण हे निमित्त चांगलं भक्कम होतं.

खंड न पडता म्हणजे काय, ते बघा. माझ्या आजोबांच्या तरुणपणी एक गोरे पाद्रीसाहेब घोड्यावर बसून पांझरा नदीकाठी आले. त्यांनी दवाखाना काढला, शाळा काढली, आणि आसपासच्या खेड्यांतली काही शेतकऱ्यांची घरं बाप्तिस्मा घेऊन धुळ्यात राहायला आली. आमचं त्यांतलंच एक. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आजोबा शेतात कपाशी वेचत होते आणि मारुतीला नारळ फोडत होते. म्हणजे आमच्या ख्रिस्तीपणाचं वय आजोबांच्या छत्रीपेक्षा जेमतेम दोन-चार वर्षांनी जास्त, आणि ती छत्री अजून आमच्या घरात होती. तरी आमची चाल प्रेषितांपासूनची. मधली अठराशे-एकोणीसशे वर्षं ही भाकर कुठं थांबली होती, हे कुणी विचारत नसे.

चाल अशी होती. ईस्टरच्या आधी प्रत्येक घरातून गहू गोळा करायचे. घरात जितके पुरुष तितक्या मुठी, आणि प्रत्येक मूठ सव्वा. बायका मोजायच्या नाहीत. सगळे गहू एकत्र दळून त्यांच्या गूळ घातलेल्या जाड भाकरी करायच्या, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. उपासना संपली की चर्चचं दार आतून लावायचं आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, घरांनीच ती खायची. परक्याला तुकडाही द्यायचा नाही. उरलं तर पुढच्या रविवारच्या आत संपवायचं, तरी उरलं तर पांझरेत सोडायचं. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घरानं त्याची मूठही घालायची, आणि त्याच्या वाट्याची भाकर त्याच्या लेकरांनी खायची.

आणि जी मुलगी मंडळीबाहेर दिली असेल ती परकी. तिनं आत यायचं नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाहेर दिलेली होती. त्या काळी आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नाचा मुलगा शोधायचा म्हणजे नगर-नाशिकपर्यंत हिंडावं लागे, आणि तिकडचे लोक आम्हाला खान्देशी म्हणून नाकं मुरडत. आबा, म्हणजे आमचे वडील, नगरपालिकेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या एका स्नेह्याचा मुलगा बोदवडला शिक्षक होता. घर हिंदू, शेतीवाडीचं, माणसं भली. तिथं आबांनी अक्काला दिली. लग्नाला आमच्या चर्चचे सगळे पंच सहकुटुंब आले होते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदी असं सगळं पोटभर जेवले, वर पानं खाल्ली. आणि पुढच्या ईस्टरला तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

तरी ती दर ईस्टरला यायची. बोदवडहून पॅसेंजरनं जळगाव, तिथून एसटीनं धुळं. भाऊजी बरोबर असत, ते स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर वाचत बसत. अक्का उपासनेला आत बसायची, शेवटचं गीत म्हणायची, आणि भाकरीची टोपली आली की आपणहून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. दर महिन्याचं प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, चर्चच्या पाद्रींच्या, पाळकांच्या, हातात असे, ते तिला मिळे. ही भाकर पंचांच्या हातात होती. आम्ही आत खायचो, ती ओट्यावर पदर सावरून डोळे मिटून बसायची. मी चिडून काही बोललो तर म्हणायची, "अरे, ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिलं त्यांनी ठरवलेलं आहे. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल ना?"

तिला राग म्हणून येतच नसे. आमच्या घरातला सगळा राग देवानं बहुधा माझ्याच वाट्याला घालून टाकला होता.

पंचांमध्ये जे मुख्य होते त्यांना सगळे नाना म्हणत. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक कायम कोरडं. प्रेषित खान्देशात कसे आले याची नानांनी एक उपपत्ती तयार केली होती आणि ती ते दर ईस्टरला मंचावर उभं राहून सांगत. बारा शिष्यांपैकी एकजण भारतात आला हे तर सगळ्या जगाला माहीत आहे. तो उतरला पश्चिम किनाऱ्यावर. त्याला जायचं होतं उत्तरेच्या राजाकडे. आता किनाऱ्यावरून उत्तरेला जायचं तर घाट चढून खान्देशातूनच जावं लागतं. आणि इथून जायचं तर मुक्काम कुठं पडणार? पांझरेकाठी. प्रेषितानं जणू धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलली होती. ऐकणारे माना डोलवत. त्या वर्षांत रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची, त्या वेळेला निम्मी बाकं ओस पडत, पण नानांच्या प्रेषिताला बाकं भरलेली असत.

तो शिष्य भारतात आला, ही गोष्टच मुळात त्याच्यामागे शे-दीडशे वर्षांनी, दूर सिरियाकडे कुणीतरी लिहिली. आला असेल, नसेलही. मी सुट्टीत पुण्याला जाऊन ग्रंथालयांत बसून हे सगळं वाचत असे, आणि वाचताना मला वाचनाचं सुख कमी आणि संतापाचं सुख जास्त मिळे. कुठला प्रेषित कुठं मेला, कसा मेला, सगळं तपशीलवार ठरलेलं. एकाला म्हणे क्रूसावर उलटा टांगला, एकाची कातडी सोलली. आणि हे सांगणारे सगळे नंतरचे. जितकी वर्षं उलटतात तितका तपशील वाढत जातो. माझ्या वर्गात नेमकं उलटं, परीक्षा होऊन आठवडा उलटला की पोरांना पानिपतसुद्धा आठवत नाही. आणि जिथं म्हणून मोठं चर्च उभं राहिलं तिथल्या लोकांनी आपापला एक प्रेषित धरून आणला. गावात आमदाराचं सासर असलं की गावचा रस्ता डांबरी होतो, तसा प्रेषित आला की चर्चचा मान वाढतो. रोमनं केलं, तेच धुळ्यानं केलं. धुळ्याला फक्त उशीर झाला.

मला येशूचा राग नव्हता. अजूनही नाही. त्याच्या नावावर सही ठोकणाऱ्या कारकुनांचा आहे.

एका वर्षी आषाढात आबा गेले. शेवटचे काही महिने ते माझ्याकडे जळगावला होते, अंथरुणाला खिळलेले. अक्का आपला संसार सासूवर टाकून आली आणि शेवटपर्यंत राहिली. त्यांना उठवणं-बसवणं, स्पंजिंग, मुगाचं पाणी चमच्यानं पाजणं, सगळं तिनं केलं. आबांना धुळ्याला पुरलं. परत येताना एसटीत खिडकीकडे बघत तिनं मला विचारलं, "येत्या ईस्टरला आबांची मूठ घालशील ना?"

मी म्हटलं, "घालीन."

"त्यांच्या वाट्याची भाकर लेकरांनी खायची असते." मग म्हणाली, "नानांना विचारून बघशील? एवढ्या एका वर्षापुरतं. मला आत बसू देतील का?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मला गहिवरून आलं आणि त्याच क्षणी नानांचा गळा धरावासा वाटला. मी म्हटलं, विचारतो काय, बसवतोच तुला आत.

पुढच्याच रविवारी मी नानांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, आबांविषयी चार चांगले शब्द बोलले, आणि मी विषय काढल्यावर हात जोडले. "माझ्या हातात असतं तर लगेच बसवली असती. पण प्रेषितांनी घालून दिलेलं मोडणारा मी कोण?"

मी तयारीनं गेलो होतो. बायबलच्या नव्या करारातली, प्रेषितांनी ठिकठिकाणच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं मला पाठ होती. म्हटलं, "नाना, प्रेषितानंच करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ सांगितलंय, की बायको विश्वासणारी असली तर तिचा परधर्मी नवरासुद्धा तिच्यामुळे पवित्र होतो. नवरा पवित्र होतो म्हटल्यावर बायको परकी कशी?"

नानांनी बशीतला चहा संपवला. "ते पत्र करिंथच्या लोकांना होतं."

"बरं मग?"

"आपल्याला नव्हतं."

असा माणूस कलेक्टर कचेरीत पस्तीस वर्षं बसला होता, म्हणजे जिल्ह्याच्या लोकांचं काय झालं असेल याचा विचार करत मी स्टँडवर आलो. वाटेत आठवलं, त्याच पत्रांमध्ये बायकांच्या घरी जमणाऱ्या मंडळ्यांचे उल्लेख आहेत. पहिल्या लोकांनी बायकांच्याच घरात बसून भाकर मोडली, आणि यांनी बायकांची मूठसुद्धा मोजली नाही. परत जाऊन सांगावं असं वाटलं, पण नाना म्हणाले असते, ती घरं करिंथात होती.

श्रावणात आमच्या मूळ गावाहून निरोप आला. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे भाऊ हिंदूच राहिले होते. त्यांचं कुटुंब अजून गावी होतं, जाणं-येणं लग्नकार्यापुरतं. आबांच्या मातीला त्यांच्यातली थोरली काकू आली होती, ती जाताना सांगून गेली होती, की कानबाईला ये. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. मी शहरात वाढलेला ख्रिस्ती मुलगा, रस्त्यावरची मिरवणूक बघितलेली, घरात काय चालतं ते कधी पाहिलं नव्हतं. सुट्टी होती, गेलो.

ओसरीवर बसलो. आत पाटावर कानबाई बसवलेली, नथ घालून, फुलांनी झाकलेली. बायका गाणी म्हणत होत्या. जेवायची वेळ झाली तशी काकूनं दारात उभ्या असलेल्या शेजारच्या दोन बायकांना हसत हसत वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं. मग माझ्यापुढं ताट आलं. गव्हाची जाड, गूळ घातलेली पोळी. बाजूला गंगाफळाची भाजी.

मी ताटाकडे बघत राहिलो.

काकूला वाटलं, मी ख्रिस्ती म्हणून खायला कचरतोय. ती समोर येऊन बसली. "खाय ना भाऊ. हाऊ रोट शे. तू काय परका शे का? तुना बापनी मूठ, तुनी मूठ, बठ्ठास्नी मूठ आम्ही दरसाल काढतस."

मी विचारलं, "सव्वा मूठ?"

"सव्वा. मानूसमागे सव्वा."

म्हणजे आम्ही घर सोडलं, देव सोडला, गाव सोडलं, तरी इथं कुणीतरी दर श्रावणात आमच्या नावाचे गहू मोजून काढत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी गंगाफळ तिखट आहे म्हणून खपवलं. मग एकेक विचारत गेलो. परक्याला देत नाहीत? "रोट भाऊबंदस्नीच खावाना, परकाले देवाना नही." उरला तर? पौर्णिमेच्या आत संपवायचा, नाहीतर नदीत. माणूस गेलं असेल तर? त्या वर्षी त्याची मूठ असते, लेकरं खातात. शेवटी विचारलं, "आणि आमच्या अक्काला?"

काकूनं असं पाहिलं, की मास्तर असून इतकंही कळत नाही. "लेक दिधी म्हनजे परकी व्हयनी. तिले रोट चालत नही."

"हे कुणी ठरवलं, काकू?"

"ते माले काय माहीत. पयलेपाईन असंच शे."

मी दोन रोट खाल्ले. जन्मभर दर ईस्टरला खात आलो होतो, तीच चव. आजोबा आणि त्यांच्याबरोबरचे लोक बाप्तिस्मा घेऊन धुळ्याला आले, देव बदलून आले, पण जिभेची आणि भाऊबंदांची सवय कुठून बदलणार? कानबाईला घरी ठेवलं आणि रोट पदरात बांधून आणला. त्या पहिल्या लोकांना ते ठाऊकच असणार. त्यांच्या पोरांना कुणी सांगितलं नाही. मग पोरांनी पुस्तकात भाकर मोडल्याचं वाचलं, आपल्या ताटात भाकर पाहिली, आणि प्रेषितांना पांझरेकाठी जेवायला बसवलं. अक्काच्या सासरी बोदवडला कानबाई बसतच नसे, त्यामुळे तिलाही हे कळायचं काही कारण नव्हतं.

यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मला तर ती चाल उलट जास्त आवडली. राग याचा होता, की भाऊबंदांच्या घरच्या चालीवर प्रेषितांची सही मारून यांनी माझ्या बहिणीला बाहेर बसवलं होतं. कानबाईच्या दारात निदान खोटं नव्हतं. काकू सरळ म्हणाली, माहीत नाही, पहिल्यापासून आहे.

नाताळाच्या आधी पंचांची बैठक असे. मी जळगावहून मुद्दाम गेलो आणि सगळं सांगितलं. मूठ, सव्वा, दार लावणं, नदी, लेक, एकेक गोष्ट. गंगाफळाचाही हिशेब मांडला, की हे फळच मुळी पोर्तुगीज लोक समुद्रापलीकडून घेऊन आले, प्रेषितांच्या वेळी सबंध आशियात गंगाफळाचा वेल नव्हता. पाळक नवे होते, तरुण, पुण्याकडे शिकून आलेले. ते खाली मान घालून हसू दाबत होते. बाकीचे पंच नानांकडे बघत होते.

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, जिंकलो. मग तो परत नाकावर चढवून ते म्हणाले, "याचा अर्थ तुमच्या लक्षात आला नाही मास्तर. याचा अर्थ असा, की प्रेषित आपल्याकडे आले होते हे आता सिद्ध झालं."

"कसं?"

"त्यांनी ही चाल इथल्या लोकांना घालून दिली. पुढं लोक प्रभूला विसरले, पण भाकर राहिली. तिलाच ते कानबाई म्हणायला लागले."

एक पंच म्हणाले, "बरोबर आहे." दुसरे म्हणाले, यावर एक लेख लिहायला हवा. गंगाफळाचं काय विचारल्यावर नाना म्हणाले, प्रेषितांनी दुसरी भाजी केली असेल. वीस मिनिटांत सबंध खान्देशची कानबाई ख्रिस्ती करून ही मंडळी चिवडा खायला मोकळी झाली. मी उठून बाहेर आलो. मी बोलत राहिलो असतो तर तिथं काही फोडलं असतं.

संक्रांतीला काकूकडे तीळगूळ घेऊन गेलो तेव्हा तिला हे सांगितलं. येशूचा एक शिष्य खूप वर्षांपूर्वी परदेशातून आला आणि त्यानं तुमच्याकडे रोट सुरू केला, असं आमचे नाना म्हणतात. काकूनं नीट ऐकून घेतलं. देवाच्या माणसाबद्दल ती वाईट बोलणार नव्हती. पण तिला एक शंका होती. "तो परदेशनाच व्हता ना?"

"हो."

"मंग परका मानूसले रोट कोनी दिधा?"

एवढ्या वर्षांच्या वाचनात मला हा मुद्दा सुचला नव्हता.

मग माघात काय झालं, तर नानांच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा नाशिकला कारखान्यात इंजिनिअर, घरचा बंगला, स्कूटर, आणि धर्मानं हिंदू. नात नानांची लाडकी. साखरपुड्याचे पेढे मंडळीत वाटले गेले. फाल्गुनात पंचांची तातडीची बैठक झाली, तिला मला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्यात नानांनी स्वतः ठराव मांडला, की प्रेषितांच्या चालीचा नीट अभ्यास केल्यावर असं दिसून येतं, की मुळात सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांना भाकर मिळत असे, लेकींना वगळण्याचा भाग मागाहून शिरला असावा. करिंथच्या पत्राचा आधारही दिला. ते पत्र एकाएकी धुळ्याच्या पत्त्यावर पोचलं होतं. पाळकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी इतका हसलो, की शाळेच्या ऑफिसातला शिपाई बघायला आला. हसता हसता छातीत दुखायला लागलं. आबांची सेवा, अक्काचं मागणं, माझी सगळी पुस्तकं एकीकडे, आणि नाशिकची एक स्कूटर दुसरीकडे.

पण अक्का आत बसणार होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

ईस्टरला मी आबांची मूठ घातली. अक्का नवं लुगडं नेसून आली, भाऊजी नेहमीप्रमाणे हॉटेलात बसले. टोपली आली तशी ती सवयीनं उठायला लागली. नानांनी मंचावरून मोठ्यानं हाक मारली, "अगं बस, बस. आता सगळ्यांना आहे." जशी काही त्यांच्याच घरची मेजवानी. ती बसली. आबांच्या वाट्याची भाकर आम्ही दोघांत मोडली. तिनं तुकडा कपाळाला लावला, सावकाश खाल्ला, हातावर पडलेला चुराही टिपून खाल्ला. खाताना तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. मीही रडलो, हे सांगायला मला काही कमीपणा वाटत नाही.

नंतर आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. तिनं विचारलं, "नियम कसा काय बदलला रे? प्रेषितांचं कुणी बदलू शकतं?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. मी सगळं सांगितलं, पाटावरची कानबाई, सव्वा मूठ, काकूची शंका, करिंथ, नाशिक. काकूची नक्कल केली, नानांची केली. वाटलं, ती हसेल. ती ऐकत राहिली आणि माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे त्या बारा जणांपैकी कुणीच हे ठरवलेलं नव्हतं."

"कुणीच नाही."

"प्रभूला पाहिलेल्या माणसानं नाही."

"नाही अक्का. नानांच्या बापानं आणि आपल्या आजोबांनी. तेही ठरवून नव्हे, सवयीनं."

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला होता, नाना कुणाला तरी नातीच्या सासरचं कौतुक सांगत होते. अक्का त्या आवाजाकडे कान देऊन होती.

"मी इथं बसायचे ना, तेव्हा मला वाईट नाही वाटायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांनी सांगितलंय, त्यांचं ऐकतेय. ते प्रभूला पोचतंय. म्हणून कधी राग नाही आला मला." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता येतोय रे. खूप येतोय. आणि नाना ऐंशीचे झालेत, त्यांना नीट ऐकूही येत नाही. आजोबा गेले, आबा गेले. हा आता मी कुणावर काढू?"

मी आयुष्यभर रागावरच जगलो. सकाळी उठल्याबरोबर मला कुणीतरी सापडतं, रात्री निजताना मी मोकळा असतो. माझं त्यानं कधी काही बिघडलं नाही. तिला तो पन्नाशीत पहिल्यांदा आला होता, आणि तो कसा वागवायचा हे तिला माहीत नव्हतं. तिनं पदर सावरला आणि भाऊजी येताना दिसले तशी उठून उभी राहिली.